छप्पर म्हण

आमच्या घराण्यात कुणी कधी अक्षर गिरवले नाही. मलाही कॉलेजात येऊन अजून वर्ष झालेले नाही, आणि मी लिहायला बसलो आहे. चुकले तर वाचणाऱ्यांनी माफ करावे. पण हे दुसरे कुणी लिहील असे वाटत नाही.

जुन्नरच्या कडेला आमची वस्ती होती. कारवीच्या काटक्यांचा कूड, वर गवत. ते गवत आईबापाने डोंगरातून डोक्यावर आणलेले. एका सकाळी म्युनिसिपालिटीचे मेंबर छत्री टेकत आले. मागे कारकून. मेंबरांनी मला पुढे ओढले आणि हुकूम हातात दिला.

"इंग्रजी शाळेत जातोस ना? वाच. आमच्या कारकुनाचा घसा बसलाय."

मला अभिमान वाटला. सगळी वस्ती बघत होती. मी मोठ्याने वाचले. आगीच्या भयास्तव हद्दीतील गवती छपरे पाडव्याच्या आत काढून कौले घालावीत, न घातल्यास ती पाडण्यात येतील.

"म्हंजी काय रं?" बापाने विचारले.

"आपलं घर पाडणार हायेत."

"घर कुठलं?" मेंबर म्हणाले. "छप्पर म्हण. नीट वाच."

कारकून हसला.

"कौलं लई म्हाग, राव," बाप म्हणाला. "आमी ऱ्हायाचं कुठं?"

"ते यात लिहिलेलं नाही."

बाप माझ्याकडे बघत राहिला. जणू हुकूम मीच काढला होता.

शेजारी चाँदबी राहायची. कागद करणाऱ्याची विधवा. तिच्या दारात मेंबर पुन्हा म्हणाले, "हं, वाच." चाँदबीने माझे मनगट धरले.

"नको वाचू, बेटा. तू वाचलंस की खरं व्हतंय."

मग मी कागद मेंबरांपुढे धरला.

"वाचणार न्हाई."

छत्रीची मूठ पाठीत बसली. मी हललो नाही. शेवटी कारकुनानेच हुकूम वाचला. खणखणीत आवाजात. त्याच्या घशाला काहीही झालेले नव्हते.

तेव्हा मला कळले. पाडणार ते. सांगायला तोंड मात्र आमचे हवे होते.

पाडव्याआधी बापाने आपल्या हाताने गवत उतरवले. आम्ही नदीपलीकडे, हद्दीबाहेर गेलो. चाँदबीही आली.

उद्या मी पुण्याहून निघतो आहे. परीक्षा तोंडावर आहे. असू दे. नदीपलीकडच्या आमच्या दारात मी उभा राहणार आहे. त्या छपराला घरच म्हणणार आहे. माणसांनी राहायचे कुठे, हे ज्या हुकुमात लिहिलेले नाही, तो मी त्या दारात कुणालाही वाचू देणार नाही.

काल अवसरीचा एक गाडीवान जुन्नरचा बाजार करून पेठेत आला. त्याने निरोप दिला.

"हद्द नदीपल्याड सरकली, भाऊ. तुमचं छप्पर परत हद्दीत आलं. मेंबर हुकूम घिऊन आलं व्हतं. तुझा बा म्हणला, माझा पोरगा पुण्याला हाय. त्यो वाचंल तवाच खरं."