मी न पोचवलेला निरोप

आमचं पोस्टिंग तेव्हा काश्मीरमध्ये, डोंगरातल्या एका पोस्टवर होतं. सकाळी वाट तपासायची, पाणी आणायचं, ड्यूटी बदलायची. रोज तेच. नाईक विलास विठ्ठलवाडीचा, मी लान्स नाईक, डोंबिवलीचा. दोघंही कल्याणच्या शेजारचे, म्हणून पोस्टवर आम्हाला ‘कल्याण जंक्शन’ म्हणायचे.

त्या सकाळी गस्तीवर विलासचा पाय माईनवर पडला. मी वायरलेस सेटवर बोललो.

“बेस, एक कॅज्युअल्टी. हेलिकॉप्टर पाहिजे. ओव्हर.”

“धुकं आहे. वेट. आउट.”

मी पट्ट्या आवळल्या. विलास रडत होता. मरायचं नाही रे मला, म्हणत होता. मग जरा शांत झाला.

“सुजाताला म्हणावं, दुसरं लग्न कर.”

“गप पड. घरी जाऊन तूच सांग.”

“लान्स नाईक, ऑर्डर आहे ही.”

धुकं उठलं तेव्हा तो गेलेला.

कॉफिनबरोबर मलाच पाठवलं. शेवटी जो जवळ असतो, त्याने घरच्यांना शेवटचे शब्द सांगायचे, असा आमच्यात रिवाज. विठ्ठलवाडीच्या त्या खोलीत बायका सुजातावहिनींच्या बांगड्या उतरवत होत्या. विलासच्या आईने विचारलं, “काय म्हणाला रे माझा बाळ?”

सगळ्यांचे डोळे माझ्याकडे. त्यांच्या सासूसमोर तो निरोप माझ्या तोंडून निघेना. मी म्हणालो, “आईला सांग, मी घाबरलो नाही.”

पुढे चौकात फोटो लागला. दर वर्षी हार, वहिनींना शाल-श्रीफळ आणि माझं भाषण. तेच वाक्य इतक्यांदा बोललो, की विलासचा खरा आवाज आठवायला जोर लावावा लागे. रिटायर होऊन ठाण्याला नौपाड्यात एकटा राहायला लागलो. घरात बोलायला कोणी नाही. तिथे तो आवाज परत आला आणि जाईना.

यंदा विलासची आई वारली. तेरावं झाल्यावर मी वहिनींकडे गेलो आणि सगळं सांगितलं.

वहिनींनी उठून गॅस बंद केला.

“लग्न केलं असतं की नाही, ठाऊक नाही भाऊजी. एक जण विचारायला आलेले. चांगले होते. मीच नाही म्हटलं. वाटलं, ह्यांना आवडणार नाही.”

मी हात जोडले.

“आणखी काय म्हणाले?”

“रडला. घाबरलेला.”

“घाबरणारच! पाल दिसली की पलंगावर चढायचे. तुम्ही भाषणात वाघ-वाघ करायचात, मला हसू दाबावं लागायचं.” त्या हसल्या. मग बराच वेळ पदराने डोळे पुसत राहिल्या.

“यंदा बोलणार ना?”

“तुम्ही म्हणाल ते बोलतो.”

“खरं बोला. मी समोर बसते.”

त्या दिवशी चौकात बोललो. तो रडला हेही, आणि निरोपही. टाळ्या झाल्या नाहीत. पहिल्या रांगेतले लोक मोबाइल बघत राहिले. मागून कोणीतरी म्हणालं, “हे काय आता काढलं?”

वहिनी उठल्या. शाल घेतली नाही. फोटोला हार घातला, काचेवर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारली, “विलास.”

इतक्या वर्षांत नवऱ्याचं नाव त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.