आधीच मॅनेज झालेला नको

साहेब फोनवर म्हणाले, "तुमच्या वरच्या भाडेकरूच्या खोलीत मी माझा लॅपटॉप घेऊन बसणार. तिथून तुमचे ऑफिसचे कॉम्प्युटर दिसले, तर हे काम तुमच्या घरातून होऊ शकणार नाही." आवाज अगदी मऊ. फोन स्पीकरवर होता आणि मी शेजारी बसून लसूण सोलत होते. नातीनं "हो सर, नक्की सर" म्हणत फोन ठेवला आणि अंगठ्याचं नख दाताखाली धरलं. परीक्षेच्या आदल्या दिवशी धरायची तसंच.

नात ड्रोन उडवते. पूर्वी आमच्या मुळशीत जमीन मोजायची म्हणजे साखळी घेऊन माणसं यायची, बांधावर दोन्हीकडचे भाऊबंद उभे राहायचे आणि मोजणीपेक्षा आरडाओरडाच जास्त व्हायचा. आता ही पोरगी उतारावर उभी राहून ते घोंघावणारं यंत्र वर सोडते, ते ढिगानं फोटो काढतं, आणि ती आणि तिच्या दोन मैत्रिणी घरी बसून त्या फोटोंचा एक अखंड नकाशा शिवतात. शिवतात हा माझा शब्द. तिचा इंग्रजी आहे, पण त्याचाही अर्थ शिवणंच निघाला. ज्या खोलीत आम्ही भाताची पोती रचायचो तिथं तिचं ऑफिस आहे.

अडचण एवढीच की वरच्या खोल्या आम्ही आयटीतल्या पोरांना भाड्यानं दिल्यात आणि घरात इंटरनेटची लाइन एकच. वरची पोरं, आमचा टीव्ही, फाटकावरचा कॅमेरा, नातीचे कॉम्प्युटर, सगळ्यांच्या वायरी एकाच डब्यात. फोनवरचे साहेब तिला मोजणीचं काम देणार होते. त्यांच्या कंपनीचं म्हणणं, आमच्या जमिनींचे नकाशे तुमच्या भाडेकरूंच्या हाताला लागता कामा नयेत. बरोबरच होतं त्यांचं. काम वर्षभराचं होतं. घरातून जमणार नसेल तर पोरीनं बावधनला एक गाळा बघून ठेवला होता; मालकाला सांगितलं होतं, साहेब येऊन गेले की कळवते. गाळा घेतला की तिथंच राहायला खोली घ्यावी लागणार. रोज पौड रस्त्याच्या गर्दीतून जाऊन-येऊन करणार नाही, हे ती कुणाला बोलली नव्हती. पण मला कळलं होतं.

तर डबा बदलायचा होता. स्विच म्हणतात त्याला. मला आपलं भिंतीवरचं बटण म्हणजे स्विच एवढंच ठाऊक. माझा लेक म्हणाला, "डबा तो डबा. वायरी खुपसायच्या न् काम करायचं. त्येला काय शिंगं असत्यात व्हय?"

"बाबा, साधा नाही चालणार. मॅनेज्ड लागेल."

लेकानं चमकून माझ्याकडं बघितलं. त्याचा चेहरा मी पाहिला आणि मला कळलं की त्याच्या मनात तेच आलंय जे माझ्या मनात आलं. आमच्याकडे मॅनेज हा शब्द इंग्रजी राहिलेला नाही. पंचायतीच्या निवडणुकीत एखाद्यानं आदल्या दिवसापर्यंत आपल्या ओट्यावर चहा प्यावा आणि दुसऱ्या दिवशी समोरच्याच्या गाडीतून उतरावं, म्हणजे तो मॅनेज झाला. अख्ख्या तालुक्यात लहान पोरालाही विचारा.

पुण्यातल्या दुकानात मी तिच्याबरोबर गेले. घरी राहवेना. दुकानदारानं विचारलं, "मॅनेज्ड पाहिजे का अनमॅनेज्ड?" आणि माझ्या तोंडून निघूनच गेलं, "आधीच मॅनेज झालेला नको गं बाई. कोरा दाखवायला सांग त्याला."

दुकानदार हसून हसून खाली बसला. नातीचे कान लाल. पण तिनं तिथंच उभं राहून मला नीट समजावलं, हे तिचं मला आवडतं. "आजी, साध्या डब्यात सगळ्या खोल्यांची दारं एकाच पडवीत उघडतात. कुणीही कुणाच्या खोलीत डोकावू शकतं. या डब्यात कुणाचं दार कुठं उघडायचं ते आपण ठरवायचं. मॅनेज आपण करायचं, दुसऱ्यानं नाही."

मग दुकानदारानं एक मोठं धूड काढलं, कुठल्याशा बंद पडलेल्या ऑफिसातलं. चालू केलं तर आमच्या पिठाच्या गिरणीसारखा आवाज. ते बाद. दुसरा दाखवला, स्वस्तातला. "हा पण चालेल मॅडम. हा थोडाफार मॅनेज होतो."

"म्हंजे दोन्हीकडचं जेवणारा," मी म्हणाले. दुकानदारानं तो मुकाट्यानं परत ठेवला.

नातीनं घेतला तो बिनपंख्याचा, बेतशीर, काळा. त्याच्या काही तोंडांतून डोंगराएवढ्या फाइली झटकन इकडच्या तिकडं जाणार होत्या. बाकीच्या तोंडांना कॅमेरे, टीव्ही आणि वरची पोरं. तिनं बरंच विचारलं. तापला तर काय होतं? कॅमेऱ्याला वीज त्याच वायरीतून मिळेल का? हुकूम चालवायला कंपनीच्या वेबसाइटवर खातं काढावं लागतं, की घरात बसून चालवता येतो? मला निम्मंच कळलं, पण शेवटच्या प्रश्नाला मी जोरात मान हलवली. किल्ली आपल्याकडे असलेली बरी.

किल्लीचं माझ्याइतकं कुणाला माहीत! मी नवी सून असताना आमच्या आळीत पहिला फोन आमच्याकडे आला. गोल तबकडीचा. जो तो येऊन फिरवायचा, म्हणून यजमानांनी तबकडीला चिमुकलं कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या कमरेच्या जुडग्यात दिली. काय तो माझा तोरा! चालताना किल्ल्या मुद्दाम वाजवायची. आळीतल्या बायका "वैनी, येवढा एक फोन लावून द्या" म्हणत मागं यायच्या आणि ती बया, म्हणजे मी, आधी पदर नीट करायची, मग जुडगा शोधायची, मग नको ती किल्ली लावून बघायची, समोरचीला जरा ताटकळत ठेवायला. दुपारी पडवीत डोळा लागला की मला कधीकधी टिकटिक, टिकटिक ऐकू यायची. पाल चुकचुकली समजून मी अर्धवट झोपेत जमिनीवर बोट आपटून "कृष्ण कृष्ण" म्हणायची. पाल कसली! धाकटे दीर रिसीव्हर ठेवायच्या त्या खटक्यावर बोटानं नंबर मोजून वाजवत होते. पाचाला पाच टिचक्या, दोनाला दोन. तबकडीला हात न लावता फोन लागायचा. सगळ्या घराला ठाऊक होतं. कुलपाची राणी तेवढी कृष्णाला हाका मारत होती.

म्हणून नातीनं डबा जोडला तेव्हा मी तिला सारखी विचारत होते, "टिचक्या मारून कुणी आत येणार न्हाई ना?" ती म्हणाली, "कारखान्यातून आलेला पासवर्ड बदललाय आजी. आणि आता वरच्यांचं वेगळं, आपलं वेगळं." दोन दिवसांनी वरचा लातूरकडचा मुलगा जिन्यात उभा राहून म्हणाला, "आजी, तुमचा प्रिंटर दिसंना गेलाय की वो. तिकीट छापायचं होतं." इतके दिवस तो आपल्या खोलीतून आमच्या ऑफिसच्या प्रिंटरवर छापत होता आणि आम्हाला पत्ता नव्हता! पण आता दिसत नव्हता. नातीनं माझ्या पाठीवर थाप मारली. भिंत उभी राहिली होती.

साहेब आले त्या दिवशी पाऊस नव्हता, नुसता वारा. आमच्याकडे वाऱ्यानंही वीज जाते. साहेब पडवीत टेकले, मी चहा दिला, आणि वीज गेली. त्यांचा कप रिकामा व्हायच्या आत परतही आली.  मी नातीला बोलवायला भाताच्या खोलीत गेले, तर प्रिंटर घुरघुरला आणि त्यानं एक कागद बाहेर ढकलला.

लातूरच्या गाडीचं तिकीट.

मला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही. पण तो कागद पाहून एवढं कळलं. त्या पोराचं अडकून पडलेलं तिकीट आता आलं, म्हणजे भिंत पडली.

"सेव्ह," नात पुटपुटली. तोंड पांढरं. "मी सेव्ह केलंच नाही आजी."

"चालत तर होतं की."

"चालत होतं, म्हणूनच! सांगितलेलं तो ऐकतो, पण जपून ठेव म्हणून वेगळं सांगावं लागतं. नाही तर वीज गेली की सगळं विसरतो." आणि डबा होता भिंतीवरच्या साध्या प्लगमध्ये, कॉम्प्युटरच्या यूपीएसमध्ये, म्हणजे त्या बॅटरीच्या खोक्यात, जागा उरली नव्हती, मग बघू म्हणून राहिलं होतं.

"तू कर पुन्हा," मी म्हणाले. "बाहेरचं मी बघते."

तिकीट पदराखाली घेऊन मी पडवीत आले. साहेब लॅपटॉपची बॅग खांद्याला लावून उभे. "आजी, मी वर जाऊन येतो."

"आत्ता नको. वरचं पोरगं अंघोळीला गेलंय. तोवर आमचा आंबेमोहोर बघता का? ताटात वाढला तर वास फाटकापत्तोर जातो. सुनंला पोहे टाकायला सांगते."

"पोहे नकोत, खरंच."

"मग भातच खावा."

मी त्यांना खाचराकडं वळवणार, एवढ्यात जिन्यावर धाडधाड पावलं. लातूरकर. अंगात इस्त्रीचा शर्ट, पाठीला बॅग. "आजी, माझं तिकीट खाली छापून आलंय का वो? लॅपटॉप म्हणतोय झालं."

साहेबांनी त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. अंघोळीचं काय, ते विचारायची त्यांना गरजच नव्हती.

"कसलं तिकीट?" मी म्हणाले. "मला मेलीला काय कळतंय त्यातलं. जा बाबा, गाडी चुकंल तुजी." पदराखाली कागद चुरगळत होता. अजून निभावलं असतं. साहेबांच्या कपाळावर नुसतीच आठी होती, धागा जुळला नव्हता. आणखी थोडा वेळ त्यांना बोलण्यात गुंतवलं असतं तर आत पोरीचं काम उरकलं असतं.

पण नात बाहेर आली.

"सर, त्याचं तिकीट आमच्या ऑफिसच्या प्रिंटरवर आलंय. वीज गेली आणि सेटिंग उडालं. मी सेव्ह केलं नव्हतं."

फाटकाजवळ माझा लेक मोटारसायकलची साखळी बघण्याचं सोंग करत होता, तो सरळ उभा राहिला.

"म्हणजे मी आत्ता वर गेलो असतो तर," साहेब म्हणाले, "मला तुमचे कॉम्प्युटर दिसले असते."

"हो सर."

"सायेब," मी मध्ये पडले, "पोरगी रातंदिस राबली वो. तुमी बसा, मी ताजा चहा..."

"आजी!" नात माझ्यावर कधी ओरडत नाही. "मॅनेज स्विच करायचाय. सरांना नाही."

मी पदरातून तिकीट काढलं आणि त्या पोराच्या हातात दिलं. ते चुरगळलं होतं, त्यानं मांडीवर घासून सरळ केलं.

"दाखवा," साहेब म्हणाले.

ते तिच्या खुर्चीमागं उभे राहिले. मी दाराच्या चौकटीला. तिनं पुन्हा सगळं भरलं. कुठलं तोंड कुणाचं, कोण कुणाला दिसायचं नाही. बोटं दोनदा चुकली. मागं असा माणूस उभा असला तर माझी पोळीसुद्धा करपते. शेवटी तिनं सेव्हवर टिचकी मारली, खालची ओळ मोठ्यानं वाचली, आणि मग उठून स्वतःच्या हातानं डब्याची वायर भिंतीतून उपटली.

मला वाटलं, हिला वेड लागलं.

डबा काळा पडला. तिनं वायर परत लावली. आधी सगळे दिवे एकदम लागले, मग सगळे गेले. हे यंत्र उठायला भारी वेळ लावतं, म्हातारीसारखं. आधी अंग चाचपतं, मग एकेक दिवा. साहेब लॅपटॉप घेऊन जिना चढले. लातूरकर खोली उघडून द्यायला त्यांच्या मागं गेला, गाडीची घाई विसरून.

वरून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. नात जमिनीवर, डब्याच्या खाली, भिंतीला टेकून बसली होती. नख खात नव्हती. मला ते जास्त वाईट वाटलं. लेक आत आला, तिच्या डोक्यावर हात ठेवावा की न ठेवावा असं करून पुन्हा बाहेर गेला. वारा होताच. दिवा जरासा मिणमिणला तरी माझी नजर डब्याकडं जात होती.

साहेब खाली आले. "इंटरनेट चालतंय. तुमचा प्रिंटर, कॉम्प्युटर, काहीही दिसलं नाही. मी बऱ्याच वाटांनी बघितलं."

त्यांनी लॅपटॉप मिटून बॅगेत घातला.

"हा डबा आज यूपीएसवर घ्या. आजच."

"घेते सर."

"आणि मघाशी जसं खरं सांगितलंत, तसंच यापुढेही सांगत जा. पुढच्या आठवड्यात मोजायला पहिला डोंगर देतो." माझ्याकडं वळून म्हणाले, "आजी, तांदूळ मात्र खरंच बघायचा राहिला." मी त्यांना पिशवीभर बांधून देणार होते, नातीनं माझ्याकडं असं बघितलं की मी ओंजळभर हातावर घेऊन नुसता वास दिला.

ते गेल्यावर ती ओट्यावर जाऊन फोनवर बोलू लागली. मी दाराआड उभी राहिले. ऐकायला नव्हे, असं म्हणणार होते, पण ऐकायलाच.

"नाही काका, गाळा दुसऱ्या कुणाला दिलात तरी चालेल. मी इथंच आहे."

ती वळली तेव्हा मी पटकन हाताशी असलेलं सूप उचलून पाखडायला लागले. ती बघत राहिली. मीही खाली बघितलं. सुपात दाणासुद्धा नव्हता.