तळं आहे की नाही

आमच्या तळे बचाव समितीने तळ्याचं नेमकं काय भलं केलं, हे मला कोणी विचारू नये. किस्से मात्र इतके साठलेत, की कोणी चहाला बोलावलं तर मी एकदोन सांगून हलकी होते आणि घरी परतेपर्यंत नवा घडलेला असतो.

तळं आहे खराडीच्या पलीकडे, शहरात ओढल्या गेलेल्या एका गावाच्या कडेला. गावातले लोक त्याला 'खालचं तळं' म्हणतात. पावसाळ्यात भरपूर पाणी, हिवाळ्यात पक्षी, उन्हाळ्यात वर तडकलेली माती. तिथे एका बिल्डरला पार्किंग करायचंय. सरकारी पाणथळ जागांच्या यादीत नाव लागलं तर तळं वाचेल, नाही तर भराव पडेल. एवढीच भानगड आहे.

समितीत आम्ही चौघं. अध्यक्ष साठे, निवृत्त इंजिनिअर. नीलम, आयटी कंपनीत काम करणारी, फोटो आणि पोस्ट तिच्याकडे. बबनराव, गावातले जुने शेतकरी, आमच्यापैकी त्या पाण्यात पाय घातलेले एकमेव सदस्य. आणि मी, आयुष्य नारायण पेठेत काढून मुलाच्या फ्लॅटवर राहायला आलेली निवृत्त शिक्षिका. अक्षर बरं म्हणून सेक्रेटरी. सगळे मला 'बाई' म्हणतात.

*

समितीचं पहिलं काम अर्थातच पाटी लावणे. साठ्यांनी मसुदा आणला : 'हे तळे पक्ष्यांचे आहे. आपण येथे पाहुणे आहात. पाहुण्यासारखे वागावे.'

मी विचारलं, "पुण्यात पाहुण्यांना कसं वागवतात ते माहीत असूनही हे लिहायचंय का?" साठ्यांनी मसुदा तसाच रंगवायला दिला.

पाटी मोठ्या रस्त्यावरून दिसली पाहिजे, हा त्यांचाच हट्ट. मध्ये एक जुनी बाभूळ येत होती. अध्यक्षांच्या अधिकारात त्यांनी ती परस्पर तोडून घेतली. पाटी लागली, झकास दिसली. वर बगळ्याचं रंगीत चित्र.

बबनराव चित्राकडे बघून म्हणाले, "बगळा बेस काढलाय. त्या बाभळीवरच बसायचा."

मला त्या दिवशी खरंच रडू आलं. त्या झाडावर बगळ्यांची घरटी होती. साठ्यांनाही वाईट वाटलं असावं, कारण पुढच्याच रविवारी त्यांनी तिथे शोभेची पामची रोपं लावली.

*

मग नीलमने आपल्या ऑफिसचे लोक श्रमदानाला आणले. सगळ्यांना हिरवे टी-शर्ट, छातीवर कासव. आमच्या तळ्यात कासव नाही, पण ते असो.

काम सोपं होतं. पाण्यावर पसरलेली जलपर्णी काढायची. पण जलपर्णी आत, पाण्यात. शूज ओले झाले असते. काठावर मात्र पाणकणीस उभं होतं, पुरुषभर उंच. त्याच्या आडोशाला पाणकोंबड्या अंडी घालतात. दोन तासांत मंडळींनी ते मुळासकट उपटलं, ढीग केला, ढिगापुढे सेल्फी काढले आणि नाश्त्याला गेली.

संध्याकाळी नीलमने आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो शेजारी शेजारी टाकले. एकात हिरवंगार तळं, दुसऱ्यात भुंडा काठ आणि जलपर्णी जिथल्या तिथे. खाली तिच्याच बॉसने लिहिलं, "वॉव, काय ट्रान्सफॉर्मेशन आहे! फक्त फोटोंचा क्रम उलटा लागलाय, तेवढा बदल."

नीलमने क्रम बदलला. तिने मला हे स्वतः सांगितलं, तेही मान खाली घालून. त्या दिवसापासून ती मला जास्त आवडायला लागली.

*

आमच्या सोसायटीचं नाव लेक व्ह्यू. नकाशात तळं आहे म्हणून लोकांनी इथे घरं घेतली. सर्वसाधारण सभेत पहिली तक्रार कशाची? तळ्याच्या वासाची. "काहीतरी ठोस करा," असा ठराव झाला आणि मला बबनरावांना गाठायला सांगितलं.

बबनराव ऐकून घेतल्यावर मला काठाने चालवत घेऊन गेले. झुडपामागे एक जाड पाइप होता, त्यातून काळं पाणी धो धो तळ्यात पडत होतं. पाइप आमच्या कंपाउंड वॉलमधून आलेला.

"बाई," बबनराव म्हणाले, "तळ्याला वास न्हाई. ह्यो तुमचाच हाय."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी हे पुढच्या सभेत जसंच्या तसं सांगितलं. सभेने गांभीर्याने दखल घेतली आणि भिंतीलगत जाई-जुई लावायचं ठरवलं.

*

एका कार्यालयाने सुशोभीकरणाचा आराखडा पाठवला. कोणत्या ते सांगत नाही, मला अजून त्यांच्याकडून दाखले घ्यायचेत. आराखड्यात जॉगिंग ट्रॅक, पेव्हर ब्लॉक, ओपन जिम, सेल्फी पॉइंट, सिमेंटचे दोन राजहंस आणि संगीतावर नाचणारं कारंजं. साठ्यांचे डोळे चमकले.

बबनरावांनी कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. "समदं झ्याक हाय," ते म्हणाले, "पन तळं कुटं हाय?"

आराखडा समजावणारे साहेब शांतपणे म्हणाले, "ते दुसऱ्या टप्प्यात."

*

आता यादीची गोष्ट. नाव लागण्याआधी जागेची पाहणी होते. पाहणीचे साहेब वेगळे, सज्जन गृहस्थ. ते आले मे महिन्यात, भर दुपारी. तळ्याच्या मधोमध उभे राहून रुमालाने मान पुसत त्यांनी शेरा लिहिला : 'पाणी आढळून आले नाही. सबब पाणथळ नाही.'

बबनराव म्हणाले, "साहेब, उद्या जेवायच्या सुट्टीत तुमची खुर्ची रिकामी दिसली, तर साहेबच न्हाई असं लिवायचं का?"

साहेब हसले, पण शेरा खोडला नाही. आम्ही अर्जांवर अर्ज केले. माझं अक्षर एवढं कामाला कधीच आलं नव्हतं. शेवटी फेरपाहणी मंजूर झाली, ऑगस्टमध्ये. साहेब आले, छत्री धरून रस्त्यावरच थांबले, समोर सगळीकडे पाणीच पाणी. मला वाटलं, सुटलो.

पंधरा दिवसांनी अहवाल आला : 'जागेवर पाणी साचलेले असल्यामुळे पाहणी करता आली नाही.'

*

तिसरी पाहणी दिवाळीनंतर, आणि ही शेवटची, असं आम्हाला बजावलेलं. यात नाव लागलं नाही तर फाइल बंद. बबनराव मला म्हणाले होते, "माझ्या आज्यानं हितं म्हशी धुतल्या, बाई. भराव पडताना बघायला मी ऱ्हानार न्हाई, लेकीकडं जाईन." असं ते कधी बोलत नाहीत. मला रात्रभर झोप नाही.

साहेब गाडीने आले. सोबत बिल्डरचा माणूस, कडक इस्त्रीचा. यंदा पाऊस लवकर गेल्याने वरची माती सुकलेली होती, आणि तो तेच दाखवत होता. "साहेब, कसलं तळं? सपाट मैदान आहे. चालायचा त्रास कशाला घेता, गाडीच आत घ्या की."

ड्रायव्हरने गाडी आत घेतली. वीसेक पावलं गेली आणि बसली. ड्रायव्हरने रेस केली, तशी आणखी बसली. चाकं दिसेनाशी झाली, दारं उघडेनात. बिल्डरच्या माणसाने खिडकीतून उडी मारली आणि तो गुडघ्यापर्यंत आत गेला. क्रेनवाला आला, काठावरूनच बघून परत गेला. साहेबांना बाराची मीटिंग होती.

उरला बबनरावांचा ट्रॅक्टर. ते काठावर उभे होते, हात मागे बांधून.

"देतो की ट्रॅक्टर," ते म्हणाले. "फकस्त एक सांगा. रबरी चाकावर आनू का लोखंडी?"

साहेब खिडकीतून म्हणाले, "अहो, त्याने काय फरक पडतो?"

"कोरडी जागा असंल तर रबरी चालत्यात. पानथळ असंल तर भातखाचरातली लोखंडी घालावी लागत्यात. चुकीची घातली तर ट्रॅक्टर बी आत बसंल. आमी अडानी मानसं. जागा कंची हाय ते तुमी साहेब लोकांनी ठरवायचं. लिवून द्या, त्या हिशेबानं चाकं घालतो."

"काहीही घाला हो!" बिल्डरचा माणूस चिखलातून ओरडला.

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. घड्याळाकडे पाहिलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, पेन आहे का?"

मी चपला काढल्या, साडी खोचली आणि आत जाऊन पेन दिलं. साहेबांनी मांडीवर फाइल उघडली, एक ओळ लिहिली, सही केली आणि कागद माझ्या हातात दिला. मी तो काठावर आणला. बबनरावांनी चष्मा लावला, कागद सावकाश वाचला, घडी घालून खिशात ठेवणार तेवढ्यात पुन्हा उघडला.

"साहेब," त्यांनी हाक मारली, "तारीख राह्यली."