ढिगातली भाकर

संतपुराकडं आमच्या गावात मठाची जत्रा तीन दिस चालायची. निजामाचं राज होतं तवा. येईल त्याला मठात जेवन. भाकरी गावातल्या बाया घरी थापून टोपल्यानं आनायच्या. मजुरी न्हाई, काही न्हाई. सगळ्या घरच्या भाकरींचा एकाच धोतरावर ढीग. एकदा ढिगात पडली की भाकर कोन्या घरची ते इचारायचं न्हाई, अशी रीत.

एक साल अय्यांनी म्हंजे मठाच्या स्वामींनी जेवनाच्या कामाची जिम्मेदारी माझ्यावर टाकली. मी हसवतो, मानसं जमतात म्हनून. मला वाटलं, आपन पोलिसातले अमीनसायेबच झालो. पटका चढवला, हातात काठी घेतली. काठी कशाला, ते मला बी ठावं नव्हतं.

पहिल्याच दिशी ढिगातली एक जाडजूड, करपलेली भाकर पंगतीसमोर वर धरली. "कोनाच्या घरची हो ही? गाडीचं चाक निखळलं वाटतं!"

पंगत हसली. दारात रिकामं टोपलं घेऊन एक अक्का हुभी होती, ती हसली न्हाई. तशीच निघून गेली.

दुसऱ्या दिशी उन्हं चढली तरी एक बी टोपलं येईना. खेड्यापाड्यांची मानसं गाड्या सोडून उपाशी बसलेली. अय्या एवढंच बोलले, "जा. आता त्या बायांना हसव."

गेलो अक्काच्या दारात. "अक्का, चुकलो."

"काठी आनलास का?"

"न्हाई."

"मग ये आत."

तिच्या उजव्या हाताला फडकं बांधलेलं. तव्यानं भाजला होता. डाव्या हातानं थापलेली भाकर म्या चाक केली होती.

"अक्का, सांगायचं तरी."

"तू इचारलास कवा? बाई आली की 'टाक तिकडं' म्हनायलास. उन्हातनं येतात बाया, घोटभर पानी तरी दिलास?"

म्या म्हनलो, "थापू नका तुमी. ढिगापाशी बसा, आल्या-गेल्याशी बोला. टोपली मी उतरवतो."

तिनं पदर खोचला. म्होरं ती, मागं मी. दारोदार ती इचारी, कुठं मराठीत, कुठं कानडीत, "पीठ हाय का? लेकरू बरं हाय का?" पीठ नसलं तर शेजारनीकडनं देववी. म्या आदल्या दिशी असं एकीला बी इचारलं नव्हतं. दुपार कलली, पन पंगत बसली, कुनी उपाशी गेलं न्हाई.

म्होरच्या साली अय्यांनी जिम्मेदारी अक्काला दिली. माझं काय करायचं, ते बी तिलाच इचारलं.

"येनाऱ्या बायांना पानी द्यायला घाला," ती म्हनली. "अन् हसवू द्या की. पन दुसऱ्यावर न्हाई, सवतावर."

पान्याला लई येरझारा पडतात. तेवढ्यात बी सवतावरचे किस्से सांगून सरायचे न्हाईत, एवढे होते माझ्याजवळ.