कांजिण्या आणि दोन गेम

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर बोईसरला आमच्या इमारतीत हातात धरून खेळायचे व्हिडिओ गेम दोनच होते, आणि दोन्ही एकाच जिन्यावर. एक माझा, दुसरा खालच्या मजल्यावरच्या मुलीचा. आम्ही दोघी सहावीत, एकाच वर्गात.

माझा गेम मामाने आणला होता. मामा समुद्रकाठच्या दातिवऱ्याचा, मालवाहू जहाजावर खलाशी. सिंगापूरहून येताना आईसाठी छत्री आणि माझ्यासाठी हा करडा, जाडजूड गेम. तिचा गेम दुबईच्या काकांनी दिलेला. काळाभोर, रुंद, दोन्ही हातांत भरून उरेल असा.

खरा फरक पडद्यात होता. माझ्या पडद्यावर शेवाळी उजेडात काळपट ठिपके हलायचे. तिच्याकडे आकाश निळं होतं, मोटार लाल होती आणि पडद्याच्या मागे चक्क दिवा होता. ती जिन्यात शर्यत खेळायला बसली की इमारतीतली सगळी पोरं तिच्या खांद्यावरून वाकून बघायची. मी दोन पायऱ्या वर बसून माझ्या विटा रचायचे. वरून निरनिराळ्या आकाराच्या विटा पडायच्या, त्या फिरवून खाली नीट बसवायच्या, असा तो खेळ.

"माझ्याला चारच सेल लागतात आणि कितीतरी दिवस जातात," मी म्हणायचे.

"कारण त्यात काही दिसतच नाही," ती म्हणायची.

 मग आम्ही दोघी आपापल्या घरी जायचो.

फेब्रुवारीत शाळेत कांजिण्यांची साथ आली आणि आम्ही दोघी एकाच आठवड्यात अंथरुणाला लागलो. तिचा भाऊ तान्हा होता. त्याला लागण होईल म्हणून तिची आई घाबरली आणि तिने मुलीला आमच्याकडे वर आणून ठेवलं. माझी आई शाळेत शिकवायची, तिला रजा नव्हती. तिने दातिवऱ्याहून आपल्या थोरल्या बहिणीला बोलावून घेतलं.

मावशी आली ती सुक्या मासळीची पिशवी आणि कडुलिंबाचा पाला घेऊनच. खालच्या मुलीच्या आईने तिला विचारलं, तुम्हाला नाही ना व्हायच्या?

"मना लहानपणीच येऊन गेल्यात," मावशी म्हणाली. "आता काय व्हायचं नाय."

तिने आमच्या दोघींच्या गाद्या शेजारी शेजारी घातल्या, उशाशी पाला ठेवला आणि खिडकीचा पडदा ओढून घेतला. खोलीत अंधार झाला. अंधारात माझा गेम म्हणजे नुसता डबा. शेजारी मात्र लाल मोटार लखलखत पळत होती. मी भिंतीकडे तोंड करून पडले.

"बघायचं तर बघ," थोड्या वेळाने ती म्हणाली.

मी कुशीवर वळले. खरं सांगायचं तर तो पडदा फार सुंदर होता. एका वळणावर समुद्र दिसायचा आणि त्यावर सूर्य. मी तो बघत असतानाच पडदा मिणमिणला आणि विझला. सहाच्या सहा सेल संपले होते. बाबांनी स्टेशनबाजारातून नवे आणले, तेही दुसऱ्या दिवशी जेवणाच्या आधी संपले. भिंतीत लावायची वायर होती, पण दुबईच्या जाड पिना आमच्या प्लगच्या भोकांत शिरत नव्हत्या. त्यातून बोईसरची वीज हवी तेव्हा जायची.

ती छताकडे बघत पडून राहिली. अंगाला खाज सुटलेली, हाताला काम नाही. मी पडदा जरा सरकवला, खिडकीच्या उजेडात माझा गेम धरला आणि तिला दिला. पहिल्या विटा तिने कशाही टाकल्या. मग ती सावरून बसली. बऱ्याच वेळाने म्हणाली, "हे चांगलं आहे गं." मी ऐकू न आल्यासारखं केलं, मग तिला ते पुन्हा म्हणावं लागलं.

त्यानंतर आम्ही पाळी लावून खेळू लागलो. नियम एकच, जी खाजवेल तिची पाळी गेली. मावशीच्या ते लक्षात आलं. बाबा डोळे बिघडतील म्हणून कुरकुरत होते, तर तिने त्यांनाच गप्प केलं.

"हातात ते असलं का पोरी खाजवत नाय. खेळू द्या."

एका दुपारी ती स्वतःच आमच्यामध्ये येऊन बसली. "बगू, काय हाय ते."

मैत्रिणीने नवे सेल घालून आधी आपला गेम तिच्या हातात दिला. मावशीची मोटार सुटली ती थेट झाडावर. पुन्हा सुटली, पुन्हा झाडावर. "डोकं गरगरलं. नको बाय," म्हणून तिने तो खाली ठेवला. मग मी माझा दिला. विटा सावकाश पडत होत्या. मावशीने एकेक फिरवून अशी काही नीट बसवली की तळाची ओळ भरली, आणि भरताक्षणी नाहीशी झाली.

मावशी दुखावली. "एवढं रचलं ते गेलं कुठं?"

"ओळ पूर्ण झाली की जाते, मावशी," मैत्रीण म्हणाली.

"मंग रचायचं कशाला?"

आम्ही एकमेकींकडे पाहिलं.  तोवर मावशीने पुढची वीट फिरवलीही होती. संध्याकाळी आई शाळेतून आली तेव्हा घरभर करपलेल्या पेजेचा वास होता आणि आम्ही दोघी मावशीच्या दोन्ही बाजूंना बसून "डावीकडे, डावीकडे" असं सांगत होतो. मावशीने मान वरसुद्धा केली नाही.

खपल्या धरल्यावर मावशी परत निघाली. तेव्हा मैत्रिणीने तिला तोंडावरच विचारलं, "मावशी, खरं सांगा, कुणाचा गेम चांगला?"

"तुजा बगाया चांगला, हिचा खेलाया," मावशी म्हणाली. आम्हा दोघींना आपणच जिंकल्यासारखं वाटलं.

मे महिन्यात मी दातिवऱ्याला गेले ती मैत्रिणीला घेऊनच. मावशीच्या अंगणापुढे आडवे बांबू बांधलेल्या वलांड्यांवर बोंबील वाळत टांगलेले होते. तिथल्या उन्हात रंगीत गेम पार हरला. पडद्यावर काही म्हणजे काही दिसेना. मैत्रीण डोक्यावरून गोधडी घेऊन, घामाने निथळत शर्यत खेळायची आणि येणारी जाणारी माणसं त्या गोधडीकडे बघत थांबायची. माझा करडा पडदा मात्र उन्हात खुलायचा. तो मावशीच्याच हातात असे. ती माडाच्या सावलीत बसून विटा रचायची आणि कावळे हाकलायचं काम आमच्याकडे. लांब काठी घेऊन आम्ही दोघी वलांड्यांमधून धावायचो, आणि कावळे नसले तरी धावायचो.

निघायच्या दिवशी मावशीने पिशवीत बोंबील भरले, वर फडक्यात गुंडाळून माझा गेम ठेवला. मी पिशवी उचलली तेव्हा मैत्रीण हळूच म्हणाली, "राहू दे ना मावशीकडे. आपल्याकडे आहे की एक."

ती "आपल्याकडे" म्हणाली हे मला गेम काढून मावशीच्या हातात देताना कळलं. मावशी नको नको म्हणाली, पण हात मागे घेतला नाही. मग आत जाऊन तिने सुक्या कोळंबीचे सोडे आणले आणि मैत्रिणीच्या पिशवीत कोंबले.

सफाळ्याच्या एसटीत आम्ही खिडकीची झडप ओढून घेतली आणि अर्धी अर्धी शर्यत खेळलो. सफाळ्याला आगगाडीत बसलो, पण बोईसरच्या अलीकडचं उमरोळी स्टेशन यायच्या आधीच सेल संपले. मग आगगाडीच्या दारातून येणाऱ्या वाऱ्यात, उरलेल्या वाटेवर आम्ही शाळा सुरू झाल्यावर एकाच बाकावर बसायचं ठरवलं.