खोडलेले शब्द

अलिबागला झेरॉक्सच्या दुकानात इंग्रजी अर्ज टाइप करून देणाऱ्या बाईंचं नाव मी कधी विचारलं नाही. मजकुरात ‘रिटर्न बॅक’ दिसलं की त्या पेन्सिलीने ‘बॅक’ खोडत आणि म्हणत, “एकदा परत आलात ना भाऊ, मग पुन्हा कशाला?” आणि कागदावर हलकी फुंकर मारत.

नागावला माझा होमस्टे आहे. गेल्या वर्षी एका पाहुणीची आई आमच्या विहिरीच्या पायरीवर घसरली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. हे कसं झालं, एवढंच त्या पाहुणीने इंग्रजीत कळवायला सांगितलं होतं. मी पानभर इंग्रजी लिहून बाईंकडे नेलं.

‘सडन अनएक्स्पेक्टेड अ‍ॅक्सिडेंट’ मधला एक शब्द त्यांनी खोडला. दुसऱ्यावर पेन्सिल थांबली.

“खाली शेवाळ होतं म्हणून लिहिलंयत. ते काय एका दिवसात धरतं, भाऊ?”

घरात बायकोलाही न सांगितलेलं माझ्या तोंडून निघालं, “मला दिसत होतं. रोज उद्या घासू म्हणत होतो.”

“मग तेवढंच लिहू या.”

पानाच्या तीन ओळी उरल्या. पायरीवर शेवाळ होतं. मला माहीत होतं. मी घासलं नाही. इतकी वर्षं मी त्यांना नुसती टाइप करणारी बाई समजत होतो.

शेवटी ‘सॉरी’ दोनदा आलं होतं. त्यातलं एक खोडायला मीच पेन्सिल मागितली.

त्यांनी दिली नाही. “राहू दे. ती दोन्ही लागतील.”