गाडीचं कपाळ

आमच्या घरात इंजिनिअर एकच आहे, आणि दुर्दैवाने ती मी आहे.

दिल्लीत, केंद्र सरकारच्या नोकरीत. हातात पान्हा शेवटचा कधी धरला ते आठवत नाही (पेन मात्र रोज धरते). तरी लेक सई हिने अकरावीला शाळेतला इंजिनिअरिंगचा कोर्स घेतला, तेव्हा "आईवर गेलीय हो!" असं सोसायटीभर सांगत फिरणारी मीच. कोर्स मोठा झकास. पोरं स्वतः यंत्र बनवतात, परीक्षक आणि पालकांसमोर चालवून दाखवतात, आणि ज्याचं नीट चाललं त्याला सुट्टीत मानेसरच्या एका कारखान्यात शिकायला पाठवतात. सईला तिथे जायचंच होतं. त्यापायी ती करोल बागच्या बाजारात जाऊन, घासाघीस करून वायपरची जुनी मोटर घेऊन आली आणि औषधं पोचवणारी गाडी बनवली. समोर काही आडवं आलं की आपोआप मागे सरणारी!

प्रात्यक्षिक नेमकं दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. आणि दसऱ्याला आमच्याकडे यंत्रांची पूजा असते! मिक्सर, स्कूटर, नवऱ्याचा लॅपटॉप, कुणाची सुटका नाही. सईने गाडी खोक्यात बंद केली आणि क्लासला जाताना बजावलं, "आई, हात लावायचा नाही हं. बिल्कुल नाही!"

हात नाहीच लावला. बोट लावलं. खोकं उघडून ओलं हळदकुंकू, बरोब्बर मधोमध, जिथे कपाळ असावं तिथे. वर झेंडूचं फूल.

"अगं, ती नको म्हणाली होती ना?" नवरा कुरकुरला.

"तुझ्या लॅपटॉपला कुंकू आणि लेकीच्या गाडीला नाही? शोभतं का?"

दुसऱ्या दिवशी सईने शाळेत खोकं उघडलं, फूल काढलं, माझ्याकडे एक जळजळीत नजर टाकली, आणि तेवढ्यात तिचं नाव पुकारलं. तिने बटण दाबलं. गाडी मागे निघाली! पुन्हा दाबलं. पुन्हा मागेच. समोर अख्खा हॉल मोकळा, आणि ही भूत पाहिल्यासारखी मागे मागे! सईचं तोंड एवढंसं झालं.

आता मी गप्प बसायचं की नाही? पण इंजिनिअर ना!

"एक मिनट, सर!" पालकांच्या रांगेतून मी थेट पुढे. "मोटर के तार उलटे जुड़े हैं. बेसिक है!"

"आई, प्लीज! मला बघू दे ना यार."

"तू थांब गं. गाडी उलटी जातेय म्हणजे तारा उलट्या. एवढं साधं!"

मी तारा बदलल्या. गाडी पुढे निघाली! मी टाळ्या वाजवल्या (एकटीनेच). गाडी जी सुटली, ती थांबायचं नावच घेईना. मागे सरायच्या हुकमावर ती आता पुढे धावत होती, हे माझ्या डोक्यात शिरेपर्यंत तिने पाण्याची बाटली उडवली आणि स्वतः परीक्षकांच्या नडगीवर जाऊन आदळली.

"अरे बाप रे!" ते किंचाळले. मला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

सई रडली नाही. तिने गाडी बंद केली, उचलली, वाकून पाहिलं. अडथळे पाहणारा गाडीचा इवलासा डोळा कुंकवाने गच्च लिंपलेला! (तेच माझं 'कपाळ'.) बिचारीला सारखी समोर भिंतच दिसत होती. सईने रुमालाने डोळा पुसला, तारा पहिल्यासारख्या जोडल्या, बटण दाबलं. गाडी शहाण्यासारखी गेली, खुर्चीपाशी थांबली, मागे सरली.

"खराबी क्या थी, बेटा?" परीक्षकांनी नडगी चोळत विचारलं.

"सर, मशीन ठीक है," सई खाली मान घालून म्हणाली. "सेन्सर पर मम्मी ने पूजा की थी. और वायर भी मम्मी ने..."

हॉल खो खो हसला. मी पर्सच्या पट्ट्याकडे बघत उभी. इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

"कोई बात नहीं. फॉल्ट ढूँढना आता है, यही चाहिए. मानेसर की तैयारी करो." मग ते माझ्याकडे वळले. "और मैडम, आप क्या करती हैं?"

माझ्या जिवात जीव आला. मी ताठ झाले. "जी, मैं तो खुद..."

"फाइलें देखती हैं, सर," सई घाईघाईने म्हणाली.

आता हिला खोटारडी म्हणावं, तर तीही सोय नाही!